बेचिराख गावात पुन्हा दिवा

आपल्याकडच्या जुन्या महसुली दप्तरांतून ‘बेचिराख’ हा शब्द वरचेवर भेटतो. आज आपण तो ‘जळून खाक झालेले’ या अर्थाने वापरतो, आणि शब्दाच्या शेपटाला ‘राख’ असल्यामुळे हा अर्थ कोणाला खटकतही नाही. पण मूळ शब्द फारसी आहे आणि त्याचा राखेशी काडीचाही संबंध नाही. ‘बे-चिराग’ म्हणजे ज्याला दिवा नाही ते. दिवेलागणीच्या वेळी ज्या गावात एकाही उंबऱ्यावर पणती दिसत नाही, ते गाव बेचिराख. मग ते दुष्काळाने उठलेले असो, लढाईने उठलेले असो की पटकीने उठलेले असो. कारकुनाला कारणाशी कर्तव्य नव्हते. दिवा आहे की नाही एवढेच तो पाहत असे.

दिवाळीच्या अंकात असा ओसाड विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण दिव्याची किंमत बेचिराख गावाला जितकी कळते तितकी ती रोषणाईने झगमगणाऱ्या शहराला कळत नाही. शिवाय इतिहास लिहिणाऱ्यांची एक जुनी खोड अशी की, ते प्रलयाचे वर्णन मोठ्या हौसेने करतात आणि प्रलय ओसरला की लेखणी खाली ठेवतात. किती माणसे मेली हे सांगतात. उरलेल्यांनी दुसऱ्या वर्षी पेरणी कशी केली हे सांगत नाहीत. वास्तविक खरी गोष्ट तेथेच सुरू होते. प्रलय हा पूर्वार्ध आहे. वस्ती हा उत्तरार्ध.

हा विचार मनात घोळू लागला तो, गंमत अशी की, कोणत्याही बखरीमुळे नव्हे, तर संगणकावरच्या एका खेळामुळे. आपल्या घरातील मुले रात्र रात्र ज्या खेळांपुढे बसतात आणि ज्यांच्या नावाने आपण कपाळाला आठ्या घालतो, त्यांपैकीच हा एक. त्याचे नाव ‘फॉलआउट’. अणुस्फोटानंतर आकाशातून खाली बसणाऱ्या किरणोत्सारी धुळीला इंग्रजीत हा शब्द आहे. पहिला भाग १९९७ साली अमेरिकेत निघाला आणि दुसरा लगेच १९९८ साली. माझा विषय आहे तो हा दुसरा भाग.

ज्यांनी असा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. हा पत्त्यांसारखा किंवा बुद्धिबळासारखा हारजितीचा खेळ नव्हे. ही एक चालतीबोलती कादंबरी आहे, आणि तिच्या नायकाने कोठे जावे, कोणाशी काय बोलावे, कोणाला मदत करावी आणि कोणाला लुबाडावे हे वाचकानेच ठरवायचे असते. कथानक असे: २०७७ साली अणुयुद्ध होऊन दोन तासांत जग भाजून निघाले. थोडी माणसे जमिनीखालच्या बंदिस्त तळघरांत वाचली. पहिल्या भागातला नायक २१६१ साली अशाच एका तळघरातून बाहेर पडतो, कारण त्यांचे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा एक लहानसा भाग निकामी झाला आहे आणि तो दीडशे दिवसांत शोधून आणायचा आहे. दुसऱ्या भागात ऐंशी वर्षे लोटली आहेत. त्या नायकाच्या वंशजांचे अरोयो नावाचे खेडे आहे. तेथे अवर्षण पडले आहे, पिके करपली आहेत, गुरे मरत आहेत, आणि गाव वाचवील अशी एक जुन्या जगातली अद्भुत पेटी शोधायला नातवाला धाडण्यात येते.

म्हणजे पाहा, परक्या मुलखातील कलावंतांनी जगाच्या अंतानंतरचे चित्र काढायला घेतले आणि त्यांच्या हातून उतरले ते काय? पाण्याचा शोध, करपलेले पीक आणि गाव सोडून निघालेला तरुण मुलगा. लातूर-नांदेडच्या माणसाला हे चित्र भविष्यातले वाटण्याचे कारण नाही. त्याच्या आजोबांनी ते पाहिलेले असते, वडिलांनी पाहिलेले असते आणि बहुधा त्यानेही पाहिलेले असते.

*

मराठवाड्यातील खेड्यात दोन शब्द अजून जिवंत आहेत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन. पांढरी म्हणजे गावाची वस्ती. वस्तीला पांढरी का म्हणावे? कारण जेथे पिढ्यान् पिढ्या माणूस नांदला तेथली माती पांढुरकी होते. चुलीची राख, पडक्या भिंतींचा चुरा, शेणामातीचे थर, तुटकी खापरे, हाडेकाडे असे सगळे शेकडो वर्षे एकमेकांत मुरून ती तयार होते. गावोगावच्या देशमुखांच्या गढ्या याच मातीच्या, आणि घरांवरची माळवदेही याच मातीची. म्हणजे आपली खेडी आधीच्या खेड्यांच्या अवशेषांवर उभी आहेत एवढेच नव्हे, तर त्या अवशेषांनीच बांधलेली आहेत. धाराशिव जिल्ह्यातील तेर घ्या. रोमशी व्यापार करणारे प्राचीन तगर ते हेच. तेथली पांढरीची टेकाडे खणली की सातवाहनांच्या काळातील मणी आणि मातीच्या बाहुल्या हाती लागतात.

खेळातील माणसेही अशीच राहतात. जुन्या जगाची पडकी इमारत हीच त्यांची भिंत आणि गंजलेली मोटार हाच त्यांचा आडोसा. पाश्चात्त्य खेळाडूला त्याचा अचंबा वाटतो, कारण त्याच्या मनात इतिहास म्हणजे सरळ चढत जाणारा जिना असतो आणि तो मध्येच कोसळला ही कल्पनाच त्याला थरारक वाटते. आपल्याकडे मात्र गुरे पाण्यावर नेणाऱ्या गुराख्याला त्याचे नवल नसते. नांदेड जिल्ह्यातील कंधारला राष्ट्रकूटांच्या काळचा जगत्तुंग सागर हा तलाव आहे. राजघराणे जाऊन हजार वर्षे उलटली, तलाव आहे. राजधान्या मोडतात, पण पाण्याची सोय माणूस सहसा मोडू देत नाही.

आता अशा उत्तरार्धाचा एक जुना दाखला पाहू. दख्खनच्या इतिहासात १३९६ साली सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ प्रसिद्ध आहे. परंपरा सांगते की तो बारा वर्षे चालला. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद केले आहे की, पाऊस परत आला तेव्हा जिल्हेच्या जिल्हे ओस पडले होते, आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ गोदावरी आणि कृष्णा यांमधील मुलखातून नावापुरताच वसूल येत होता. नांदेड गोदावरीच्या काठी आहे आणि लातूर तिची उपनदी मांजरा हिच्या खोऱ्यात. तेव्हा हा मुलूख कोणता हे वेगळे सांगायला नको.

पुढे बहमनी सुलतान अहमदशहाच्या काळी या उजाड मुलखाची घडी बसवण्याचे काम दादू नरसू काळे नावाच्या एका मराठी ब्राह्मणावर आणि त्याच्या जोडीला एका तुर्की खोजावर सोपवण्यात आले. त्यांच्यापुढची पहिली अडचण मोठी विलक्षण होती. गावांच्या शिवा कोठे होत्या हेच कोणाला सांगता येईना. सांगणारे उरले नव्हते आणि बांध झुडपांत गडप झाले होते. तेव्हा दादू नरसूने नव्या शिवा ऐसपैस आखल्या, दोन-दोन तीन-तीन गावे मिळून एक गाव केले, आणि कसायला तयार असेल त्याला जमीन दिली. पहिल्या वर्षी सारा माफ. दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे एक तोबरा धान्य, म्हणजे घोड्याच्या तोंडाला चंदीसाठी बांधतात तेवढी पिशवी. बस्स.

या दोन ओळींच्या तपशिलात राज्यकारभाराचे केवढे शहाणपण आहे! ज्याचे सर्वस्व गेले आहे त्याच्याकडे पहिल्या वर्षी मागायचे नसते. आणि तुटपुंजी उरलेली माणसे जुन्या शिवांचा हट्ट धरून विखरून ठेवायची नसतात; ती एकत्र आणायची असतात. अरोयोच्या गोष्टीचा शेवटही असाच आहे. ती पेटी अखेर सापडते, पण नुसत्या पेटीने गाव उभे राहत नाही. गावकरी आणि जुन्या तळघरातील माणसे असे दोन समाज, जे एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहिले नसते, ते एकत्र येऊन नवे गाव वसवतात. खेळ रचणाऱ्यांनी दादू नरसूचे नावही ऐकले नसणार. पण उजाड मुलूख वसवायचा म्हटले की अक्कल शेवटी त्याच वाटेने जाते.

*

या खेळात एक बारकी गोष्ट मोठी मार्मिक आहे. पहिल्या भागात नाणे म्हणून सोडावॉटरच्या बाटल्यांची बुचे चालतात. वाचून हसू येते. पण त्या बुचांना पत कशामुळे, तर हब नावाच्या पेठेतील व्यापारी त्यांच्या बदल्यात पाणी द्यायला तयार आहेत म्हणून. सोने नव्हे, पाणी! २०१६ चा उन्हाळा ज्यांनी लातुरात काढला त्यांना या अर्थशास्त्राचा धडा कोणी द्यायला नको. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा हुकूम लागू करावा लागला. एरवी दंग्याधोप्यासाठी राखून ठेवलेले कलम त्या वर्षी घागरींच्या रांगांसाठी वापरावे लागले. कोणाच्या घरी टँकर येतो आणि कोणाचे बोअर अजून चालते, यावर गल्लीतील प्रतिष्ठा ठरत होती.

मग १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास आली. सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास, दहा वाघिणी आणि प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर कृष्णेचे पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, म्हणजे एका खेपेला पंचवीस लाख लिटर. तिचे नाव ‘जलदूत’. ऑगस्टपर्यंत ही गाडी येत राहिली आणि त्याच वर्षीच्या परतीच्या पावसात मांजरा भरून वाहिली. कृष्णेचे पाणी रुळांवरून मांजरेच्या खोऱ्यात आले, ही गोष्ट आणखी पन्नास वर्षांनी सांगितली तर ऐकणाऱ्याला ती दामाजीपंतांच्या कथेसारखी वाटेल. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे लोकांना खुली केली आणि विठ्ठलाने विठू महार होऊन बेदरला रक्कम भरली, अशी ती कथा. संकटात कोणी तरी लांबून आणून पोटाला घालतो, ही आठवण समाज जपून ठेवतो. तिला देवाचे नाव देतो, एवढेच.

दुष्काळाने आपल्याला आणखीही काही दिले आहे. १९७२ च्या दुष्काळात माणसे खडी फोडायला आणि पाझर तलाव खणायला गेली. मिलोची भाकरी आणि सुकडी यांवर मुले वाढली. त्याच सुमारास वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आकारास आली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि पुढे सबंध देशाने ती कल्पना उचलली. जगातल्या कोणत्याही अद्भुत पेटीपेक्षा हे काम मोठे आहे. मागेल त्याला काम, हा विचार उन्हात बसून खडी फोडणाऱ्या हातांतून निघाला.

जाता जाता गुरांचीही एक गोष्ट. या खेळात दोन तोंडांची एक गाय आहे आणि तिला ‘ब्राह्मण’ असे नाव आहे. अमेरिकेत वशिंडाच्या गुरांना ब्रह्मन म्हणतात, त्यावरून ते आले. २००८ साली खेळाचा तिसरा भाग निघाला तेव्हा मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक भावनांचे कारण देऊन तो भारतात न आणण्याचे ठरवले. कारण याहून स्पष्ट करून सांगितले गेले नाही. लोकांनी ते या गाईशी जोडले. मौज अशी की अमेरिकेतील ती गुरे मुळात आपल्याच गीर, कांकरेज, ओंगोल अशा वंशांपासून तयार झालेली. आपल्या भागात देवणी आणि लाल कंधारी ही अशीच नामांकित जनावरे आहेत. त्यांचे खरे हाल नावावरून होत नाहीत, चाऱ्यावाचून होतात; आणि दुष्काळात छावणीत दावणीला उभ्या असलेल्या देवणीच्या डोळ्यांत जे दिसते ते कोणत्याही खेळात अजून कोणाला रंगवता आलेले नाही.

*

येथवर अवर्षणाचे झाले. पण प्रलय या शब्दाला शोभेल असा एक दिवस लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याने पाहिला. तो म्हणजे ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसे उशिरा निजली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीजवळ जमीन हादरली. सरकारी आकड्याप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे गेली; इतर अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. औसा आणि उमरगा तालुक्यांतील किल्लारी, सास्तूर यांसारखी गावे घटकाभरात नाहीशी झाली.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. माणसे भूकंपाने मेली असे आपण म्हणतो. खरे तर ती घरांनी मारली. दगडामातीच्या दोन-दोन हात जाडीच्या भिंती असत. त्यांना आतून आणि बाहेरून अशी दोन तोंडे, आणि मध्ये खडी-मातीची भर. दोन्ही तोंडांना सांधणारा आरपार दगड बहुधा नसायचाच. वर माळवद. उन्हाळ्यात गारवा राहावा आणि पावसाळ्यात गळू नये म्हणून वर्षानुवर्षे त्यावर पांढरी माती टाकली जाई. बाप टाकी, मग मुलगा टाकी. जी पांढरी पिढ्यांची साक्ष म्हणून आपण वर वाखाणली, तीच त्या पहाटे निजलेल्यांच्या अंगावर आली.

दख्खनचे पठार हे भूगर्भदृष्ट्या अत्यंत स्थिर, असा त्या काळचा समज होता. १९६७ साली कोयनेला मोठा भूकंप होऊनही मराठवाड्याबद्दलचा हा समज ढळला नव्हता. नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. १९९२ सालापासून किल्लारीला लहान धक्के जाणवत होते, पण त्यांचा अर्थ कोणाला लागला नाही. २००२ साली नकाशा बदलला आणि हा भाग वरच्या पट्ट्यात गेला. जमीन बोलून गेल्यावर नकाशाने ऐकले.

आणि मग उत्तरार्ध. या खेळाचे एक गृहीत आहे की जगाचा अंत झाला की माणूस लांडगा होतो. किल्लारीने ते पूर्ण खरे ठरवले नाही आणि पूर्ण खोटेही ठरवले नाही. ढिगाऱ्यात हात घालणारे होते आणि नुसते पाहायला येऊन रस्ते अडवणारेही होते. पण गावोगावहून आलेल्या माणसांनीच प्रेते उपसली आणि चिता रचल्या. पुण्याच्या शांतीलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने या भागातील बाराशे मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाची मोठी योजना निघाली. बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. त्यांत सत्तावीस हजारांहून अधिक घरे बांधली गेली, आणि इतर गावांतील दीड लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुती लोकांनी सरकारी साहाय्याने स्वतः केली. सिमेंट-काँक्रीटचा पट्टा आणि भिंतीतला आरपार दगड हे शब्द बायाबापड्यांच्या तोंडी आले. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या राहिल्या. घर कसे बांधले जाते आहे यावर त्या नजर ठेवू लागल्या, आणि २००१ साली कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूरकडच्या बायका तेथल्या बायकांना अनुभव सांगायला गेल्या. ज्यांना कालपर्यंत कोणी घराचा आराखडा दाखवत नव्हते, त्या परमुलखात जाऊन घर कसे बांधावे हे सांगू लागल्या. या प्रकरणात मनाला सर्वांत उभारी देणारे पान हेच.

पण सगळे चित्र गुलाबी काढणे बरे नव्हे. नव्या गावांत रस्ते सरळ आणि रुंद झाले, घरे ओळीने उभी राहिली, आणि गाव पूर्वीपेक्षा कितीतरी पट पसरले. ज्याची जमीन जितकी, त्याप्रमाणे घर अडीचशे, चारशे किंवा साडेसातशे चौरस फुटांचे. त्यामुळे भूमिहीन एका बाजूला आणि बागायतदार दुसऱ्या बाजूला असे झाले. पिढ्यान् पिढ्यांची भावकीची गल्ली मोडली. चावडी, पार, ओसरी यांना आराखड्यात नेमके स्थान सापडले नाही. घर मिळाले, पण शेजार हरवला. दादू नरसूला नव्या शिवा आखताना माणसे कमी पडत होती. आपल्याला माणसे होती, पण ती एकमेकांजवळ कशी ठेवावी हे पुरते उमगले नाही. लोकांनी मात्र हळूहळू स्वतःच वाट काढली. कोणी पुढे पत्र्याची पडवी काढली, कोणी अंगणात लिंब लावला, आणि सरकारी वसाहतीचे गाव होत गेले.

*

खेळाच्या दुसऱ्या भागात मला सर्वांत अर्थपूर्ण वाटलेली गोष्ट शेवटी सांगतो. पहिल्या भागात जो एक साधा, घाबरलेला, पाण्यासाठी वणवण करणारा माणूस होता, तो ऐंशी वर्षांत दैवत झाला आहे. त्याचा अंगरखा पूजेची वस्तू झाली आहे. तो नेमके काय शिकला, कशामुळे वाचला, हे मात्र गाव विसरले आहे. आठवण उरली, पण तिच्यातला उपयोग गेला.

ही भीती आपल्यालाही आहे. दुर्गादेवीच्या दुष्काळाला आपण देवीचे नाव दिले. त्या दुष्काळातून काय केल्याने माणूस वाचला हे किती जणांना सांगता येते? किल्लारीला तीस वर्षे उलटून गेली. त्या रात्री आईच्या कुशीत असलेली मुले आज स्वतः आईबाप आहेत आणि त्यांच्या मुलांना ३० सप्टेंबर म्हणजे शाळेत उभे राहून श्रद्धांजली वाहण्याचा दिवस. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोलीकडे भूकंपाचा धक्का बसला आणि नांदेडपर्यंत जमीन थरथरली, तेव्हा माणसे घराबाहेर धावली. त्या धावण्यात जुनी आठवण होती. पण घराबाहेर धावणे ही आठवण आणि भिंतीत आरपार दगड घालणे ही विद्या. पहिली भीतीने टिकते. दुसरी शिकवावी लागते. बोअर किती खोल गेले हे प्रत्येक जण अभिमानाने सांगतो. विहीर पुन्हा कशाने भरते हे मुलाला सांगणारा बाप विरळा.

१९९३ साली भूकंपानंतर दीड महिन्याने दिवाळी आली. ज्या कुटुंबांनी ती पत्र्याच्या छपराखाली काढली त्यांनी त्या वर्षी काय केले असेल ते त्यांनाच ठाऊक. इतके मात्र खरे की ती बावन्न गावे बेचिराख म्हणून दप्तरात राहिली नाहीत. आज तेथे संध्याकाळी दिवे लागतात. ते लागतात यात दैवाचा भाग असेल, सरकारचा आहे, परक्या मदतीचा आहे. पण अधिक भाग आहे तो पहिल्याच वर्षी काळीत पुन्हा तिफण धरणाऱ्यांचा. यंदा पणत्या लावताना मुलांना त्यांची गोष्ट अवश्य सांगावी, आणि सांगताना ती प्रलयाशी थांबवू नये. पुढे काय झाले हे मुले विचारतीलच. त्याचे उत्तर आपल्यापाशी तयार असावे.